दुसरी येऊन दोन्ही हात वर करणारी बाई: आनेमीक व्हॅन व्ल्यूटेन

घाटरस्ता

२५ जुलै २०२१. टोकियो ऑलिंपिक, महिलांची रोड रेस. रविवार होता, जेवण उरकून मी मोबाइल घेऊन आडवा झालो होतो. शर्यत फुजी स्पीडवेवर संपणार होती. तिथल्या मोकळ्या ट्रॅकवर एक डच बाई एकटी येते, रेषा ओलांडते, दोन्ही हात हवेत, चेहऱ्यावर मावणार नाही एवढं हसू. आणि मला इकडे कसंसंच झालं. कारण सव्वा मिनिटापूर्वीच ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर नावाची गणितज्ञ ही शर्यत जिंकून तिथेच जमिनीवर आडवी झाली होती. हात वर केलेल्या बाईला याचा पत्ताच नव्हता. तिला वाटत होतं आपण सुवर्ण जिंकलं.

ती बाई म्हणजे आनेमीक व्हॅन व्ल्यूटेन. ते दृश्य तेव्हा जगभर फिरलं, लोक मनसोक्त हसले. त्यानंतर तीनच दिवसांनी तिने टाइम ट्रायलचं, म्हणजे एकेकटीने घड्याळाविरुद्ध धावायच्या शर्यतीचं, सुवर्ण दुसऱ्या क्रमांकापेक्षा ५६ सेकंद आधी येऊन जिंकलं, ते मात्र फारसं फिरलं नाही. म्हणून हा धागा.

थोडक्यात कुंडली. जन्म ८ ऑक्टोबर १९८२, नेदरलँड्समधल्या व्ल्यूटेन गावी. हो, गाव आणि आडनाव एकच. लहानपणापासून सायकलचं बाळकडू वगैरे काही नाही. फुटबॉल खेळायची, गुडघा बिघडला, त्यातून सायकलकडे आली. वागेनिंगन विद्यापीठात प्राणिशास्त्राकडचं शिक्षण, पुढे साथरोगशास्त्रात पदव्युत्तर. ज्या वयात या खेळातल्या पोरी दोन-चार मोठे करार करून बसलेल्या असतात, त्या वयात ही पहिल्यांदा शर्यतीच्या रांगेत उभी राहिली. २०११ मध्ये टूर ऑफ फ्लँडर्स ही बेल्जियमची मोठी एकदिवसीय शर्यत जिंकली. तरी त्या काळात तिची ओळख मुख्यतः डच संघाची तारका मारियान व्हॉस हिची मदतनीस अशीच. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकात व्हॉसने सुवर्ण जिंकलं तेव्हा ही त्याच चौघींच्या संघात होती.

मग रिओ, ७ ऑगस्ट २०१६. व्हिस्ता चिनेसाचा चढ संपला, आणि उतारावर ही एकटी पुढे निघाली. तोच ओला, वळणावळणांचा, कडेला खोल गटार असलेला रस्ता. आदल्या दिवशी पुरुषांच्या शर्यतीत इटलीचा निबाली तिथेच पडला होता. एका उजव्या वळणावर हिचा तोल गेला आणि ती डोक्यावरून कडेच्या दगडावर आदळली. हलतही नव्हती. मला खरंच वाटलं, गेली. मणक्याला तीन ठिकाणी चिरा आणि मेंदूला मार. दवाखान्यातून तिने जगाला कळवलं ते असं, की मी बरी होईन, पण आयुष्यातली सगळ्यात चांगली शर्यत अशी संपली याचं फार वाईट वाटतंय.

लोक तिची गोष्ट इथे संपवतात आणि 'जिद्द' असं शीर्षक देतात. मला वेगळंच दिसतं. तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती, आणि तिच्या नावावरचं जवळजवळ सगळं मोठं यायचंच होतं. २०१७ आणि २०१८ ची टाइम ट्रायलची जागतिक विजेतेपदं, २०१९ आणि २०२२ ची रोड रेसची, इटलीची टप्प्याटप्प्यांची शर्यत जिरो चार वेळा, आणि २०२२ ची टूर द फ्रान्स. उतारवयात माणूस इतका चढ कसा चढतो? चर्चा करू.

अबोली_क

मस्त लिहिलंय. वाचनखूण साठवली. पण टोकियोत नक्की झालं काय हे कोणी नीट सांगेल का? जगातल्या चार सर्वोत्तम बायका एकाच संघात, आणि पुढे एक बाई आहे हे चौघींनाही माहीत नाही?

खवचट_काका

तेच म्हणतो. चार डच मिळून पाचापर्यंत मोजता आलं नाही. आणि पुढे कोण, तर गणिताची डॉक्टरेट. देवालाही विनोदबुद्धी असते.

सँडी११

काका, टाळ्या 😄

झालं असं. शर्यत सुरू झाल्या झाल्या पाच जणी सुटल्या. कीझेनहोफर, पोलंडची प्लिख्टा, इस्रायलची शपिरा, दक्षिण आफ्रिकेची ओबरहोल्झर आणि नामिबियाची लूझर. मागच्या मोठ्या घोळक्याने, म्हणजे पेलोटनने, त्यांना जाऊ दिलं. अशा सुटलेल्या बहुतेक वेळा शेवटी सापडतातच, म्हणून कोणी मनावर घेत नाही. अंतर दहा मिनिटांच्या वर गेलं. आता एरवी प्रत्येकीच्या कानात रेडिओ असतो, मागून संघाच्या गाडीतून सांगतात की पुढे अमुक इतक्या जणी, इतका वेळ. ऑलिंपिकात रेडिओ चालत नाही. मोटारसायकलवरून कोणीतरी पाटी दाखवेल, नाहीतर गाडीशी जाऊन विचारायचं. साधारण ४० किमी राहिलेले असताना कीझेनहोफरने बाकीच्यांना सोडलं. शेवटच्या काही किमीत घोळक्याने प्लिख्टा आणि शपिराला पकडलं, आणि डच पोरींना वाटलं, चला, पुढच्या सगळ्या सापडल्या. एक राहिली होती.

अवांतर: कीझेनहोफरकडे तेव्हा कुठल्याही व्यावसायिक संघाचा करारसुद्धा नव्हता. लोझानच्या ईपीएफएलमध्ये शिकवत, संशोधन करत होती. स्वतःचा सराव, आहार, शर्यतीचा वेग, सगळं स्वतःच ठरवायची.

राईनकाठ

वागेनिंगनचं नाव वाचून लॉगिन केलं. राहुरीहून मास्टर्ससाठी तिथे गेले होते, आता नेदरलँड्समध्येच आहे.

आधी उच्चार, त्याशिवाय मला झोप लागणार नाही. इथे 'व्ही'चा उच्चार 'फ'कडे झुकतो, म्हणून 'फान'. आणि गावाच्या नावातला तो स्वर देवनागरीत नाही. जीभ 'ए' म्हणायला ठेवायची आणि ओठ 'ओ'चे करायचे. फ्लो-फ्ले यांच्या मधलं काहीतरी निघेल. शेवटचा 'न' बहुतेक लोक खातात. तुम्ही आनेमीक म्हणा, वाद मिटेल.

आता वारा. लोक म्हणतात सपाट देश, सायकल चालवायला काय जातंय. इथे चढ नाही, पण समोरून येणारा वारा हाच घाट, आणि याला माथा नसतो. वागेनिंगनला राईनच्या बांधावरून सायकल हाकताना पहिल्या हिवाळ्यात मी अक्षरशः उतरून चालले आहे, शेजारून सत्तरीच्या आजी पिशवी लटकवून पुढे गेल्या. गावाला लागून एक टेकाड आहे, त्याला हे लोक 'बर्ग' म्हणतात, म्हणजे डोंगर. आपल्याकडे त्यावर मारुतीचं देऊळसुद्धा कोणी बांधलं नसतं. अशा ठिकाणी सायकल शिकलेली बाई आल्प्समध्ये सगळ्यांना मागे टाकते याचं मला घाटरस्ता यांच्यापेक्षा जास्त आश्चर्य वाटतं.

घाटरस्ता

राईनकाठ, धन्यवाद. 'फ्लो-फ्ले' आरशासमोर करून पाहिलं, बायको घाबरली. आनेमीकच म्हणतो.

खवचट_काका

एक प्रामाणिक प्रश्न. सायकल शर्यतीत संघ कशाला? जिंकणार एक, पदक एकीला. बाकीच्या तीन काय वरातीला?

सँडी११

काका, शाळेत असताना एसटीच्या मागे सायकल घातली होती का कधी? (मी घातली होती. मुलांनो, करू नका.) एसटी वारा फोडते, तुम्ही मागे फुकट ओढले जाता. इथे तेच. पुढची वारा अंगावर घेते, तिच्या चाकाला चाक लावून चालणाऱ्या मागचीची पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. चार-पाच तास ही बचत जमा करायची आणि शेवटच्या दहा मिनिटांत खर्च करायची, असा सगळा हिशोब. म्हणून संघातल्या काही जणी दिवसभर वारा खातात, गाडीपाशी मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या पाठीत खोचून आणतात, मुख्य खेळाडूचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून देतात. आनेमीकने व्हॉससाठी हे सगळं केलंय.

म्हणूनच तिचं नंतरचं खेळणं वेड्यासारखं वाटतं. २०१९, यॉर्कशर, जागतिक स्पर्धा. एकूण अंतर दीडशे किमीच्या आसपास. लोफ्टहाउसच्या चढावर हिने जोर लावला आणि सुटली. शंभराहून जास्त किलोमीटर बाकी होते! एवढ्या लांबून एकटीने निघणं म्हणजे सगळी बचत पहिल्या तासात उधळणं. मागे एकमेकींच्या आड राहून पाठलाग करणारा गट. गणिताप्रमाणे ती सापडायलाच हवी होती. सव्वादोन मिनिटांनी जिंकली.

घाटरस्ता

त्यात आणखी एक मेख आहे. मागच्या गटात तिच्याच देशाची आना व्हॅन डर ब्रेगन होती, आदल्या वर्षीची जगज्जेती. आपलीच बाई पुढे असताना ती पाठलागात हात लावणार नाही. ती नुसती चाकाला चिकटून बसली आणि दुसरी आली. म्हणजे एकटीचा विजय म्हणतो तोही तसा दोघींचा होता.

या दोघींचं प्रकरणच मजेशीर. रिओत आनेमीक पडली तेव्हा मागून येऊन सुवर्ण जिंकलं ते व्हॅन डर ब्रेगननेच. २०१८ च्या ला कूर्समध्ये, म्हणजे टूर द फ्रान्सवाले बायकांसाठी ठेवायचे त्या एका दिवसाच्या शर्यतीत, व्हॅन डर ब्रेगन रेषेपाशी पोचलेली, जिंकल्यात जमा. आणि आनेमीक मागून येऊन शेवटच्या काही मीटरांत तिच्या बाजूने निघून गेली. ती चित्रफीत जरूर बघा. व्हॅन डर ब्रेगनच्या खांद्यांकडे बघा.

खवचट_काका

'एका दिवसाची शर्यत.' पुरुषांना तीन आठवडे, बायकांना एक दिवस. आणि पोट कशावर भरायचं?

राईनकाठ

काका, या वेळी बरोबर जागी बोट ठेवलंत.

१९८४ मध्ये बायकांची टूर द फ्रान्स सुरू झाली होती. अमेरिकेची मारियान मार्टिन जिंकली. तिला बक्षीस साधारण हजार डॉलर, आणि त्याच वर्षी पुरुषांत जिंकलेल्या लोराँ फिन्योंला लाखाच्या वर. ती शर्यत काही वर्षांत बंद पडली, मग वेगवेगळ्या नावांनी चालू-बंद होत राहिली. २०१३ मध्ये व्हॉस, एमा पूली, कॅथरिन बर्टीन आणि ट्रायथलॉनवाली क्रिसी वेलिंग्टन यांनी मोहीम काढली, सह्या गोळा केल्या, तेव्हा २०१४ पासून हा एक दिवस मिळाला. खरी आठ टप्प्यांची टूर द फ्रान्स फेम आली ती २०२२ ला.

पगाराचं तर बोलूच नका. बायकांच्या वरच्या श्रेणीतल्या संघांना किमान वेतन बंधनकारक झालं २०२० मध्ये. वर्षाला १५,००० युरो. इथे तेवढ्यात घरभाडं आणि विमा भागवून हातात काही उरत नाही. नंतर वाढत वाढत २०२३ पर्यंत ३२ हजारांवर गेलं. म्हणजे आनेमीकच्या कारकिर्दीची पहिली दहा-बारा वर्षं खेळात पगाराची हमीच नव्हती. अनेक जणी नोकरी, शिक्षण सांभाळून खेळायच्या आणि तिशीच्या आत सोडून द्यायच्या.

म्हणून मला तिच्या वयाचं कौतुक जरा जपून करावंसं वाटतं. पस्तिशीनंतर बायका जिंकत नाहीत असं आपण म्हणायचो, ते कशावरून? पस्तिशीपर्यंत टिकायला त्यांना कोणी पैसेच देत नव्हतं. जी टिकली तिने दाखवलं.

सँडी११

+१. पण पूर्ण पटलं नाही. फ्रान्सच्या जेनी लोंगोचं काय? १९८७ ते ८९ सलग तीन वेळा बायकांची टूर जिंकली, १९९६ ला ३७ व्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण, आणि २००८ च्या बीजिंगला ४९ व्या वर्षी टाइम ट्रायलमध्ये चौथी! कांस्य दोन सेकंदांच्या आत हुकलं. तेव्हा कुठलं किमान वेतन होतं? किंवा अमेरिकेची क्रिस्टिन आर्मस्ट्राँग. २००८, २०१२, २०१६, तिन्ही ऑलिंपिकांत टाइम ट्रायलचं सुवर्ण, शेवटचं त्रेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तेही रुग्णालयातली नोकरी करत.

राईनकाठ

तू दिलेली दोन्ही नावं माझ्याच बाजूची आहेत की. एवढ्या अडचणीतही चाळिशीत जिंकता येतं हे त्यांनी दाखवलं. मग अडचण नसती तर अशा किती असत्या, एवढंच मी म्हणतेय.

हाडवैद्य

वाचतोय केव्हाचा. व्यवसायाने अस्थितज्ज्ञ, त्यामुळे माझं लक्ष भलतीकडेच. या बाईंची मोडतोडीची यादी कोणी एकत्र केली आहे का?

मी केली. २०१६, मणका. २०१८, इन्सब्रुकची जागतिक स्पर्धा: शर्यतीच्या मध्यात पडल्या, गुडघ्याखालच्या हाडाचा वरचा सपाट भाग मोडला, आणि तशाच उरलेली शर्यत पूर्ण करून सातव्या आल्या. माझ्याकडे असा पेशंट येतो तेव्हा त्याला आत आणायला दोन माणसं आणि एक खुर्ची लागते. २०२०, जिरोत आघाडीवर असताना मनगट मोडलं, शर्यत सोडावी लागली. नऊ दिवसांत इमोलाच्या जागतिक स्पर्धेत मनगट बांधून रौप्य. ऑक्टोबर २०२१, बायकांची पहिलीवहिली पॅरिस-रूबे: चिखलाने माखलेल्या दगडी फरशीवर घसरून जघनास्थी दोन ठिकाणी मोडलं. सप्टेंबर २०२२, कोपर.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. रस्त्यावरच्या सायकलपटूंची हाडं बऱ्याचदा त्यांच्या वयाच्या मानाने विरळ असतात. हाडाला घट्ट व्हायला आदळआपट लागते, धावणं, उड्या मारणं. सायकलवर वजन खोगिरावर, हाडाला काम नाही. वर तासन्‌तास घाम आणि वजन कमी ठेवायचा ताण. फुटबॉल खेळलेल्या पायांचा यांना पुढे उपयोग झाला असेल का, असा माझा आपला तर्क.

मेधा_वि

डॉक्टर, कोपराबद्दल अजून सांगा ना. ती शर्यत मी पाहिली आहे आणि आजही अंगावर काटा येतो.

हाडवैद्य

कोपर मोडल्यावर हँडलवर जोर देऊन उभं राहता येत नाही. आणि चढावर किंवा शेवटच्या धावेला सायकलपटू काय करतात? खोगिरावरून उठून, हँडल ओढत, आख्खं अंग पेडलवर टाकतात. ते दारच बंद. बसूनच जे काय करायचं ते. बाकी शर्यतीचं सँडीने सांगावं.

सँडी११

वोलोंगोंग, ऑस्ट्रेलिया. बुधवारी मिश्र संघांची टाइम ट्रायल होती. सुरुवातीच्या उतरणीवरून खाली आली आणि काही क्षणांत धाडकन पडली. कोपराचं हाड मोडलं. शनिवारी, २४ सप्टेंबरला, रोड रेस. ठरलं असं की ही व्हॉससाठी वारा खाणार, म्हणजे मदतनीस असतानाचं जुनं काम. चढावर मागे पडत होती, कारण उभं राहता येत नव्हतं. शेवटच्या किलोमीटरच्या आसपास मागून पुढच्या गटापाशी पोचली. आता अशा वेळी माणूस दोन श्वास घेतो, इकडेतिकडे बघतो. ही थांबलीच नाही. आलेल्या वेगातच बाजूने निघून गेली. पुढच्या एकमेकींकडे बघत बसल्या, कोण पाठलाग करणार म्हणून. बेल्जियमची लोटे कोपेकी अगदी पाठीशी येऊन पोचली, पण उशीर झाला होता. ३९ वर्षांची, मोडकं कोपर, आणि अंगात जगज्जेतीची इंद्रधनुषी जर्सी.

आणि बघा, टोकियोत दुसरी येऊन हात वर केले होते. इथे पहिली आली तर तिला खरंच वाटेना.

खवचट_काका

हे बरं आहे. आता एक खडा टाकतो. या तुमच्या देवीबद्दल मी काल रात्री बसून वाचलं. २०२३ ची स्पेनची शर्यत. नेतृत्व करणारी पोरगी लघुशंकेला थांबली, आणि बाईसाहेबांच्या संघाने तेवढ्यात वेग वाढवून तिला मागे टाकलं. हे खिलाडूपणात बसतं का? सांगा घाटरस्ता.

घाटरस्ता

काका, गृहपाठ करून आलात, मानलं.

माहिती खरी आहे. डेमी व्होलरिंग लाल जर्सीत होती, म्हणजे आघाडीवर. सहाव्या टप्प्यात ती आणि संघातल्या काही जणी थांबल्या. त्याच सुमारास मोविस्टारने, म्हणजे आनेमीकच्या स्पॅनिश संघाने, आडव्या वाऱ्यात वेग वाढवला. आडव्या वाऱ्यात घोळका तिरक्या ओळी करून तुटतो. एकदा तुटला की सांधणं महाकठीण. व्होलरिंगचा त्या दिवशी मिनिटाहून जास्त वेळ गेला. शेवटच्या टप्प्यात कोवादोंगाच्या चढावर व्होलरिंगने जीव तोडून टप्पा जिंकला, पण एकूण वेळेत आनेमीक नऊ सेकंदांनी पुढे राहिली. नऊ!

मोविस्टारचं म्हणणं असं की तिथे वारा आडवा येणार हे नकाशावरून माहीत होतं, तिथे वेग वाढवायचा हे सकाळीच ठरलं होतं. ती नेमकी तिथे थांबली हा तिचा निर्णय. मला हे बव्हंशी पटतं. नऊ सेकंद बघितले की थोडं कमी पटतं.

अबोली_क

नियमात कुठे लिहिलंय का की आघाडीवर असलेली थांबली तर बाकीच्यांनी हळू व्हायचं?

घाटरस्ता

लिहिलेलं नाही, पाळतात. क्रिकेटमधलं मंकडिंग आठवा. विनू मंकडने जे केलं ते नियमात होतं, तरी सत्तर वर्षं वाद चालू राहिला. इथेही तसंच.

राईनकाठ

यात बायकांची म्हणून एक वेगळी बाजू आहे ती पुरुषांनो तुम्हाला दिसणार नाही. पुरुष चालत्या सायकलवरून किंवा कडेला तीस सेकंदांत मोकळे होतात. बायकांना बिब शॉर्टचे, म्हणजे खांद्यावरून पट्टे असलेल्या सायकलिंगच्या चड्डीचे, पट्टे, जर्सी, सगळं उतरवायचं आणि आडोसा शोधायचा. वेळ जास्त जातो. म्हणूनच तो संकेत बायकांच्या शर्यतीत जास्त महत्त्वाचा आहे. मला आनेमीक फार आवडते, पण त्या दिवशीची नाही.

खवचट_काका

राईनकाठ, मुद्दा मान्य. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

सँडी११

माझं मत उलट. आख्खं आयुष्य हिने वाट बघण्यात घालवलं नाही. २०२२ च्या टूर द फ्रान्सचंच बघा. पहिल्या दिवसांत पोट बिघडलं, अन्नपाणी टिकेना, बॅग भरून घरी जायच्या बेतात होती. व्हॉस तिकडे आघाडीची पिवळी जर्सी घालून मजेत. मग आला सातवा टप्पा, व्हॉज पर्वत, सेलेस्तातून ल मार्कस्टाइनपर्यंत, तीन मोठे चढ. पहिल्याच चढावर, पती बालोंवर, हिने हल्ला चढवला. व्होलरिंग तेवढी चाकाला टिकली. दुसऱ्या चढावर तीही गळाली. पुढचे साठेक किमी एकटी, टप्पा ३ मिनिटं २६ सेकंदांनी खिशात. दुसऱ्या दिवशी प्लांश दे बेल फीयच्या चढाआधी एकामागून एक सायकली बदलायची वेळ आली, संघाच्या गाडीवरच्या सायकली संपतात की काय असं वाटलं, तरी तोही टप्पा जिंकली. शेवटच्या कच्च्या रस्त्यावर चाकं घसरत होती.

बक्षीस ५०,००० युरो. पुरुषांच्या विजेत्याला त्याच वर्षी पाच लाख. हे काकांसाठी.

खवचट_काका

नोंद घेतली.

अबोली_क

पण वयाच्या कोड्याचं उत्तर राहिलंच. ती वेगळं काय करायची?

घाटरस्ता

दोन-तीन गोष्टी माहीत आहेत. एक, किलोमीटर. इतर बायका करत नव्हत्या एवढे तास ती सायकलवर असायची. मिचेल्टन-स्कॉट संघात असताना त्यांच्या पुरुष संघाच्या सराव शिबिरात जाऊन त्यांच्याबरोबर चढ चढायची. टेनेरीफ बेटावर, इटलीत लिविन्योला उंचीवर जाऊन आठवडेच्या आठवडे राहायची. दोन, उशिरा सुरुवात केल्यामुळे सोळाव्या वर्षापासून पिळून निघालेल्यांचा कंटाळा तिच्याकडे नव्हता. आणि तिसरं हे माझं वैयक्तिक मत: संशोधनाची सवय. साथरोगशास्त्र शिकलेली बाई आकड्यांशी भांडत नाही, काय बदललं तर काय होतं ते बघते. टोकियोला तिला हरवणारीही संशोधकच निघाली हा योगायोग मला अजून गंमतीचा वाटतो.

तरी सगळं समजलंय असं नाही. २०२३ च्या टूरमध्ये तुर्मालेच्या चढावर धुक्यात व्होलरिंग तिला सोडून गेली तेव्हा ते आकडे काही कामाला आले नाहीत. चौथी आली. सप्टेंबरात, घरच्याच शर्यतीत, डच टूरमध्ये, थांबली.

राईनकाठ

एक राहिलं. टोकियोला डच बायकांच्या प्रशिक्षक होत्या लूस गुनेविक. लंडनला व्हॉसने सुवर्ण जिंकलं त्या संघातली चौथी बाई तीच. म्हणजे टोकियोला पाटीवरचा आकडा चुकला तेव्हा गाडीतली आणि सायकलवरची, दोघी जुन्या सोबतिणी होत्या. इथल्या वर्तमानपत्रांनी तेव्हा गुनेविकला धारेवर धरलं.

मेधा_वि

सगळ्यांचे आभार. मी ४१ ची, सायकल घेतली अडतिसाव्या वर्षी. चढ जमतो. खडकवासल्याहून सिंहगड पायथा आणि परत आता सहज होतं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा वर गेले. खरी भीती उताराची. ते रिओचं वाचून परत पोटात गोळा आला. उतरताना मी दोन्ही ब्रेक शेवटपर्यंत दाबून धरते, खाली येईपर्यंत बोटं बधिर होतात आणि रिमला हात लावला तर भाजतो. काय चुकतंय?

घाटरस्ता

मेधाताई, सतत दाबून धरणं हेच चुकतंय. रिम तापली की ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक जोरात पण थोडा वेळ. वळणात शिरताना सोडून द्यायचे. पुढचा ब्रेक वळणात दाबला की चाक निसटतं. हात हँडलच्या खालच्या वाकात, वजन खाली. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पेडल तळाला आणि त्या पायावर भार. नजर चाकापुढे नाही, वळण जिथे सुटतं तिथे. आणि सिंहगडावर पावसाळ्यात शेवाळ आणि उन्हाळ्यात बारीक खडी, त्यामुळे काठ टाळा. मध्ये एकदा थांबून बोटं झटका, त्यात काही कमीपणा नाही.

रविवारी आम्ही चौघं जातोय. या. साडेपाचला.

मेधा_वि

येते. कुठे भेटायचं, चांदणी चौकात?

घाटरस्ता

नको नको, नवे पूल झाल्यापासून तिथे कोणी कोणाला सापडत नाही. राजाराम पुलापाशी, चहाच्या टपरीवर. टायरमध्ये हवा रात्रीच भरून ठेवा, आणि जास्तीची एक ट्यूब आणा.

सँडी११

मीपण. काका, येताय?

खवचट_काका

गाडी घेऊन मागून येतो. पुढे किती जणी आहेत ते मोजायला कोणीतरी हवं ना.